पाणी, चटई आणि माणूस

हे मी लिहावं की नाही, ते अजून ठरलेलं नाही, आणि तरी लिहायला बसलो आहे. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. आतापर्यंत जे काही लिहिलं ते परीक्षेत, प्रश्नाच्या खाली लिहिलं. इथे प्रश्नच कुणी विचारलेला नाही, म्हणून उत्तर कुठून सुरू करायचं ते समजत नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांच्याविषयी खात्रीनं सांगता येईल असं माझ्याजवळ फार थोडं आहे. ते खरं बोलायचे की खोटं, हेही मला नीट सांगता येणार नाही. माझ्यापेक्षा जुने, त्यांना जास्त ओळखणारे लोक सिरोंचात आहेत. त्यांनी लिहायला हवं होतं. पण त्यांच्यापैकी कुणी लिहील असं वाटत नाही, कारण त्यांना ताता म्हणजे एक गंमत वाटायची.

गावात सगळे त्यांना ताताच म्हणायचे. तेलुगूत आजोबांना ताता म्हणतात, आणि सिरोंचात बाजारापासून बँकेपर्यंत निम्मं बोलणं तेलुगूतच चालतं. मी नागभीडकडचा, धानाच्या गावातला. माझे मामा फॉरेस्ट गार्ड. त्यांची बदली सिरोंचाला झाली, तिथल्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला, म्हणून बाबांनी मला त्यांच्या क्वार्टरवर पाठवलं. पहिलं वर्ष संपतं न संपतं तोच मामांची बदली आलापल्लीच्या लाकूड डेपोत झाली आणि क्वार्टर सुटलं. कॉलेज सोडायचं नव्हतं. तेव्हा मामांनी माझी पेटी उचलली आणि मला नदीच्या घाटाजवळच्या सरायत नेऊन सोडलं.

सराय म्हणजे जुन्या काळची उतरायची जागा. रस्ते नव्हते तेव्हा खालून, समुद्राच्या बाजूनं, गोदावरीतून नावा यायच्या. मीठ यायचं, कापड यायचं, सुपारी यायची. इकडून साग, लाख, हिरडा जायचा. वरच्या मुलखातून बैलगाड्या यायच्या. त्या सगळ्या लोकांनी झोपायचं कुठे, तर इथे. सागाचे खांब, मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. मी गेलो तेव्हा पाच खोल्या उरल्या होत्या, आणि त्यांना नंबर नव्हते. ज्या खोलीत ज्या मालाचे लोक उतरत त्या मालाचं नाव तिला होतं. लाखेची खोली, कापडाची खोली, असं. मला मिठाची खोली मिळाली. तिच्या भिंतींना लोणा, म्हणजे पांढरी भुकटी, धरलेला होता. दमट दिवसात भिंतीला घाम यायचा आणि माझ्या वह्यांचे कोपरे मऊ पडायचे. एकदा मी कुणी बघत नाही असं पाहून भिंतीला बोट लावून चाखलं. खारट होतं. आता कुठल्याही जुन्या मातीच्या भिंतीचा लोणा खारटच लागत असेल, ते मला माहीत नाही. पण मला तेव्हा ते मीठच वाटलं.

सराय ताता सांभाळायचे, आणि सिरोंचाला ते बंदर म्हणायचे. "आपलं बंदर मोठं होतं," असं सहज बोलताना म्हणायचे, जसं कुणी आपलं शेत मोठं होतं म्हणेल. त्यावरून शाळेतली पोरं त्यांची फार टर उडवायची. ताता, बंदर कुठी आहे, असं विचारायची आणि कवेलूंवर बसलेल्या माकडांकडे बोट दाखवायची. ताता रागवायचे नाहीत. खिशातून शेंगदाणे काढून माकडांकडे फेकायचे आणि म्हणायचे, हे पण नावेतूनच आले.

नावेचं त्यांच्या डोक्यातून गेलंच नव्हतं. आलापल्लीहून संध्याकाळी शेवटची एसटी यायची, तिलासुद्धा ते नाव म्हणायचे. नाव आली का, नाव भरून आहे का, आज नावेले उशीर झाला. ती येईपर्यंत सरायच्या दारावरचा दिवा ते बंद करू द्यायचे नाहीत. गाडी आली की हातात बॅटरी घेऊन रस्त्यावर जायचे आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पायांवर उजेड टाकायचे. तोंडावर नाही, पायांवर. चपलांवरून त्यांना कळायचं म्हणे, की हा घरी चालला आहे की याला घर नाही. गाडीतून बहुतेक गावचेच लोक उतरायचे, आणि ते आपल्या पायांवरचा उजेड चुकवत हसत निघून जायचे.

विसरून राहिलेली कुठलीच वस्तू ते फेकायचे नाहीत. लाखेच्या खोलीत एक लांब फळी होती, तिच्यावर ते सगळं होतं. एक लाकडी खडाऊ, चष्म्याची रिकामी डबी, बारीक पिनचे जुने चार्जर, एक काळा कोट, पितळी अडकित्ता, बाळाची दुधाची बाटली. मी एकदा म्हटलं, ताता, या चार्जरचा फोनच आता कुणाजवळ नसेल. त्यांना ते पटलं नाही. फोन नसेल, पण माणूस तर असेल, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं मी आधी सांगतो आहे, कारण जे मुख्य आहे ते सांगायला मला जड जातं.

मामा मला सोडून गेले त्या संध्याकाळी तातांनी आधी तांब्याभर पाणी आणून दिलं. मग शिंदीची चटई दिली. मग ते दारातच उभे राहिले, जाईनात. मला वाटलं काही नियम सांगायचे असतील. त्यांनी गाव विचारलं. मी नागभीडकडचा म्हणून सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि थोडा वेळ तसेच राहिले, जसं कुणी अंधारात हातानं काही शोधतं.

मग म्हणाले, "नागभीडच्या बाजूचा एक माणूस होता बाबू. गाडीवान. धानाच्या गाड्यांसोबत आल्ता. याच खोलीत झोपला, दाराकडे पाय करून. अन् गात होता. असा गात होता का भिंती ऐकत."

मी विचारलं, कोण होता.

"तुझ्या आज्याचा बाप असन," ते म्हणाले, आणि बॅटरी घेऊन गाडीकडे गेले.

मला नव्या जागी झोप लागत नाही. मामांच्या क्वार्टरवर मी कित्येक रात्री छताकडे बघत काढल्या होत्या. त्या रात्री मात्र मी दाराकडे पाय केले आणि झोपलो, ते सकाळी कावळ्यांच्या आवाजानं उठलो.

सकाळी उठल्यावर मात्र मला सुचेना. आम्ही बौद्ध आहोत. माझ्या आज्यानं तरुणपणी दीक्षा घेतली. त्याच्या बापाच्या वेळी आमच्या लोकांना गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. मग व्यापाऱ्यांच्या सरायत, शेठ लोकांच्या शेजारच्या खोलीत, आमचा माणूस झोपला कसा? तातांनी माझं आडनाव विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काही वेगळं सांगितलं असतं का? मी खोलीत बुद्धांचा एक छोटा फोटो लावला. ताता पाणी द्यायला आले, त्यांनी फोटो पाहिला, वाकून नमस्कार केला आणि भिंतीचा घाम लागून खराब होईल म्हणून त्याच्या मागे प्लास्टिक लावायला सांगितलं. 

हळूहळू मला कळलं की असा माणूस ते सगळ्यांनाच देतात. ती त्या सरायची जुनी रीत होती, त्यांच्या बापाच्या आधीपासूनची. उतरणाऱ्याला पाणी द्यायचं, चटई द्यायची आणि त्याच्या मुलखातला एक माणूस द्यायचा. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी ते असं सांगितलं, जसं चुलीत लाकूड का घालतात ते सांगावं. नदीवरून आलेल्या माणसाला पहिल्या रात्री भीती वाटते. इथे आपलं कुणी नाही असं वाटतं. मग तो सामान उशाशी घेऊन जागा राहतो, बाजूच्यावर संशय घेतो, भांडतो. त्याला सांगितलं की तुझ्या गावचा एक जण याच जागी झोपून गेला आणि सुखरूप घरी गेला, तर तो झोपतो. सगळे झोपले तर सराय शांत राहते.

तो माणूस खरा असतो का, हे मी विचारलं. ते म्हणाले, झोप तर खरी लागते ना.

कधी कधी त्यांचं चुकायचंही. चंद्रपूरकडच्या जिवतीचा एक विक्रेता यायचा, फवारणीचे पंप घेऊन. पहिल्यांदा आला तेव्हा तातांनी त्यालाही जिवतीचा एक कापसाचा व्यापारी दिला, जुन्या काळातला, मोठ्या मिशांचा. तो विक्रेता हसायलाच लागला. म्हणाला, ताता, आमचे लोक तर मराठवाड्यातून येऊन तिथी वसले. त्या काळात जिवतीत आमचं कोनी नव्हतंच, जंगल होतं.  मला वाटलं आता ताता खजील होतील. पण त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि म्हणाले, "मंग तो तुमच्या आधीचा असन. तुमची त्याची भेट नाई झाली." विक्रेता हसत हसत झोपायला गेला. पण पुढच्या खेपेला आला तेव्हा त्यानंच तातांना विचारलं, तो मिशीवाला आणखी काय म्हणे.

त्या वर्षीच्या सुट्टीत मी घरी गेलो. आजा अंगणात बाजेवर बसला होता. आता त्याला कमी दिसतं, पण ऐकू नीट येतं. मी विचारलं, आबा, तुमचे बाबा कधी सिरोंचाला गेले होते काय?

"सिरोंचा मले मालूम नाई," आजा म्हणाला. "मालगुजाराच्या गाड्या हाकत होता तो. एकडाव लय दूर गेल्ता, मोठ्या नदीवर. महिनाभर घरी नव्हता."

"तिथी कुठी झोपले असतील?"

"गाडीखाली. अजून कुठी? आपल्या माणसाले आत कोन घेते तवा?"

"अन् ते गात होते काय?"

 आजा बाजेच्या सुतळीत बोट घालत राहिला.

"माझ्या देखत त्यानं कधी गाणं म्हटलं नाई," तो म्हणाला. "तोंडातून शब्द निंगत नव्हता त्याच्या. तुले कोनं सांगतलं?"

मी सांगितलं. आजाला ना आनंद झाला ना राग आला. तो म्हणाला, दुसरा कोणी असेल. मग थोड्या वेळानं, मी घरात गेलो असताना, त्यानं आईला विचारलेलं मला ऐकू आलं, की त्या सरायतला म्हातारा केवढ्या वयाचा आहे.

मी परत आलो ते आणखी गोंधळून. पणजोबा नदीवर गेले होते हे खरं ठरलं. आत झोपले हे खोटं ठरलं. गाण्याचं काय, ते कळेना. तातांना मी आज्याचं बोलणं सांगितलं नाही. मिठाच्या खोलीत मी दाराकडे पाय करून झोपत राहिलो आणि झोपही लागत राहिली. मला ते थोडं चूक वाटायचं, पण सवय झाली होती.

मी शेवटच्या वर्षाला असताना नव्या रस्त्याची आखणी झाली. घाटाच्या बाजूनं रुंद रस्ता जाणार होता आणि सरायच्या दर्शनी भिंतीवर लाल रंगाची फुली मारून गेले. ताता दिवसभर त्या फुलीसमोर उभे राहिले. त्यांनी घर जाण्याची चिंता एकदाही बोलून दाखवली नाही. त्यांना बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं, त्यांचं स्वतःचं अंथरूण कापडाच्या खोलीबाहेर व्हरांड्यात असायचं. ते एवढंच म्हणायचे की ही पडली तर उतरणाऱ्या माणसाला माणूस कोण देईल. हे ते मला म्हणाले, चहावाल्याला म्हणाले, एसटीच्या कंडक्टरला म्हणाले. कंडक्टर म्हणाला, ताता, आता लोक गुगलवर पाहून येतेत. तातांनी विचारलं, त्याच्यात झोप लागते काय?

आमचे इतिहासाचे सर मनानं फार चांगले. त्यांना सरायचा लळा लागला होता. त्यांनी अर्ज केले, ही वास्तू जतन करण्यासारखी आहे असं लिहिलं, आणि शेवटी साहेब लोक पाहणीला येणार असं कळलं. सरांनी एक पाटीही रंगवून घेतली, निळ्या रंगाची. या सरायत सर्व जातिधर्मांचे लोक एकत्र राहत असत, असं तिच्यावर लिहिलं होतं. सरांना माझ्या पणजोबांची गोष्ट मीच कधीतरी सांगितली होती. आत झोपले, एवढीच. त्यांनी मला बोलावून सांगितलं की साहेबांसमोर तू बोल. त्या काळात तुमच्या समाजाच्या माणसाला या सरायनं आत जागा दिली, याच्याइतका मोठा पुरावा दुसरा नाही. मी म्हटलं, सर, मला नक्की माहीत नाही. सर म्हणाले, तातांनी सांगितलं ना? मग झालं.

तातांचीही हरकत नव्हती. मीच त्यांना विचारलं, बोलू का. ते म्हणाले, बोल, जसं येते तसं बोल.

पाहणीच्या आधी ताता चार-पाच दिवस चुना मारत होते. भिंतीवरची लाल फुली त्यांनी तेवढी सोडली, कारण ती सरकारी होती. बाहेरच्या ओट्याजवळ बैलांना पाणी पाजायची दगडी डोणी होती, ती घासून काढली. आणि फळीवरचा तो विसरलेला काळा कोट अंगात घातला. मला म्हणाले, ज्याचा आहे तो आज आला तर काढून देईन.

साहेब आले. फीत लावून मोजमाप झालं. साहेब वयानं तरुण, बोलायला सौजन्याचे. सरांनी सगळं सांगितलं, नावा, मीठ, साग. साहेब ऐकत होते आणि मान हलवत होते. मग सर म्हणाले, हा आमचा विद्यार्थी, याला काही सांगायचं आहे. मिठाच्या खोलीच्या दारात मी उभा होतो. 

मी म्हणालो, "माझे पणजोबा गाडीवान होते. ते या मिठाच्या खोलीत..."

"नाई," ताता म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"या खोलीत नाई झोपला तो साहेब. तिथी झोपला, बाहेर, डोणीजवळ." त्यांनी ओट्याकडे हात केला. "माझ्या बापानं त्याले आत घेतलं नाई. त्याच्या जातीच्या कोनालेच घेत नव्हतो आमी. रातभर गात होता तो. आतले शेठ म्हणाले, वा, काय गाते, खिडक्या उघडा. माझ्या बापानं खिडक्या उघडल्या. गाणं आत आलं साहेब. माणूस बाहेरच राह्यला."

 कवेलूंवर माकडं उड्या मारत होती. सर खालच्या आवाजात म्हणाले, "ताता, तुम्हीच तर सांगितलं होतं की आत झोपले."

"तुमाले नाई सांगतलं. याले सांगतलं."

साहेबांनी निळ्या पाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "मग बाबा, पाटीवर काय लिहायचं?"

"हेच लिहा," ताता म्हणाले.

साहेब बघू म्हणाले. चहा घेतला आणि गाडीत बसून गेले. सर पाटी कागदात गुंडाळून घेऊन गेले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

मला त्या दिवशी काय वाटत होतं ते मला आजही मांडता येत नाही. राग होता का? असेल. पण कुणावर? ज्या सरायसाठी त्यांचा जीव तुटत होता तिची बाजू त्यांनी स्वतःच्या तोंडानं पाडली होती, आणि ती माझ्या पणजोबांसाठी पाडली होती, किंवा तसं मला वाटत होतं. आणि हेसुद्धा खरं कशावरून? एव्हाना त्यांना माझं आडनाव माहीत होतं, बुद्धांचा फोटो त्यांनी पाहिला होता. आधी आत झोपवलेला माणूस त्यांनी मला ओळखल्यावर उचलून बाहेर नेला असेल तर?

संध्याकाळी ते दारातल्या दिव्याखाली गाडीची वाट बघत बसले होते. कोट काढून पुन्हा फळीवर ठेवला होता. मी जाऊन बाजूला बसलो आणि विचारलं की मला एक सांगितलं आणि साहेबांना दुसरं सांगितलं, असं काऊन?

ते म्हणाले, "तुले झोप लागत नव्हती बाबू. साहेबाले तं लागते."

मी विचारलं, मग खरं काय? ते नाव आली म्हणून उठले. गाडीचे दिवे वळणावर दिसायला लागले होते.

त्या रात्री मी चटई उचलून बाहेरच्या ओट्यावर गेलो. का गेलो ते माहीत नाही. डोणीजवळ पडलो आणि पणजोबांचा विचार करायचा प्रयत्न केला, पण त्यांचा चेहराच मला माहीत नव्हता. मला फक्त डास आठवतात. पहाटे ताता पाणी घेऊन आले, मला तिथे पाहिलं, आणि म्हणाले, "ही त्याची जागा आहे. तुझी आत आहे. उठ."

मी उठलो आणि आत गेलो.

सराय वाचली नाही. सर पुष्कळ दिवस म्हणत होते की तातांनी त्या दिवशी तोंड मिटलं असतं तर काही झालं असतं. मामा म्हणाले की रस्त्याची रेघ आधीच पक्की होती, साहेब नुसते यायचे म्हणून आले. मला दोघांचंही खरं वाटतं, म्हणून मी कुणालाच काही म्हटलं नाही. माझी परीक्षा झाली आणि मी पुढे शिकायला चंद्रपूरला आलो. निघताना तातांनी पेटी गाडीपर्यंत आणली. मी मुद्दाम माझं एक पेन फळीवर ठेवून आलो होतो. त्यांनी ते पाहिलं होतं की नाही, ते कळलं नाही.

पुढचं मामांकडून कळत गेलं. खोल्या पाडल्या. साग लिलावात गेला. बाहेरचा ओटा आणि डोणी मात्र रेघेच्या पलीकडे आली, म्हणून तेवढी राहिली. ओट्यावर कुणीतरी पत्रे टाकले आणि ताता तिथे राहायला लागले. मामा म्हणायचे, म्हातारा अजून गाडी पाहाले येते. मी जाईन जाईन म्हणत होतो. जाणं झालं नाही.

गेल्या महिन्यात मी गावी गेलो होतो. आमच्या बाजूच्या गावचा एक वायरमन आहे, तारांच्या कामाला ठेकेदारासोबत फिरतो. नागभीडच्या स्टँडवर भेटला. म्हणाला, सिरोंचाले होतो महिनाभर. मी तातांचं विचारलं. तो म्हणाला, तो ओट्यावरचा म्हातारा? तो गेला. काम संपून परत निघालो तेव्हा ओटा रिकामा होता, चहावाल्यानं सांगितलं की झोपेतच गेला. हे त्यानं असं सांगितलं, जसं पाऊसपाण्याचं सांगावं, कारण माझा काही संबंध असेल हे त्याला माहीत नव्हतं. 

मग तोच म्हणाला की पण माणूस अजब होता. पहिल्या दिवशी तो पोचला तेव्हा खोलीची सोय नव्हती, ठेकेदाराचा फोन लागत नव्हता. त्या म्हाताऱ्यानं बोलावून पाणी दिलं, चटई दिली आणि गाव विचारलं.

"मंग मले म्हणते कसा," वायरमन म्हणाला, "तुमच्या नागभीडकडचा एक पोरगा इथी होता. मिठाच्या खोलीत राहत होता, दाराकडे पाय करून झोपे. अन् गाणं असं म्हणे का भिंती ऐकत. म्या म्हटलं, कोन्या खोलीत? इथी तं खोलीच नाई. तं त्यानं रस्त्याकडे बोट दाखवलं. म्हणे, आत. तिथून तं ट्रक जाऊन राह्यले होते."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. रस्त्याच्या काठावर झोपलो, पाहा. पण अशी झोप लागली का इचारू नको."

त्याची गाडी लागली होती. तो पिशवी उचलून निघाला, दोन पावलं गेला आणि वळून माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, तू पण शिकाले सिरोंचालेच होता ना गा? तो पोरगा तूच काय?

मी हो म्हणालो.

"मंग म्हण ना एखादं गाणं," तो म्हणाला.

मला गाता येत नाही. आमच्या घरात कुणालाच येत नाही. मी त्याला सांगितलं की आज घसा बसला आहे.